कुंभारणीच्या सहा खोल्या

गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरात देवाच्या खोलीत माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीवर फळं-भाज्या टांगायची, लाकडी चौकट वर्षभर टांगलेलीच असते. कुंभारणीनं, चिखलाचं घरटं बांधणाऱ्या गांधीलमाशीनं, यंदा नेमकी तीच निवडली. स्केलिफ्रॉन मद्रासपटानम. काळी, पाय पिवळे-काळे, कंबर दोऱ्याएवढी.

8 जुलै : पाऊस जरा उघडला की खिडकीतून येते, जबड्यात चिखलाची गोळी. गोळी लिंपताना अंग थरथरवत चढ्या सुरात गुणगुणते. आई म्हणाली, फ्रीज बिघडला वाटतं! खोल्या अंगणातल्या तांबड्या मातीच्या, मधूनच शेताच्या बांधावरची काळी पट्टी.

14 जुलै : सहा झाल्या. एक ब्लेडनं उघडली. आत 11 कोळी, बहुतेक उड्या मारणारे, एक छोटा सिग्नेचर, जाळ्यात नागमोडी नक्षी विणणारा. कुंचल्यानं डिवचलं तर पाय किंचित हलले. डंखानं लुळे झालेले, मेलेले नाहीत, म्हणूनच कुजत नाहीत. एकाच्या पोटावर तांदळाच्या कणीसारखं वाकडं अंडं. सगळं बाटलीत ठेवलं नि झाकण घट्ट लावलं. जुलैच्या दमट हवेत चार दिवसांत बुरशी. चूक माझीच.

दुसऱ्या खोलीतल्या ऐवजाला झाकणाऐवजी जाळी लावली. तिसऱ्या दिवशी अळी निघाली. आधी अंड्याखालचा कोळी शोषला, मग उरलेले एकेक. भूक वाढत गेली तशी कोळ्यांचे पायसुद्धा टाकेना. नवव्या दिवशी तपकिरी, कागदासारखा कोष.

11 ऑगस्ट : बाटलीतली माशी बाहेर. चौकटीवरच्या तीन खोल्यांनाही त्याच आठवड्यात गोल भोकं पडली.

राहिली एक. तोवर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर. आई म्हणाली, "देव यायच्या आधी तो चिखल उतरव, चौकट धुवायचीय." दोन दिवसांची मुदत मागून घेतली, मग पातळ पत्र्यानं घरटं अलगद सोडवून बरणीत ठेवलं.

22 ऑगस्ट : शेवटची खोली फुटली. बाहेर आली ती कुंभारीण नव्हतीच! निळी-हिरवी, मोरपिसासारखी झळाळणारी, स्टिल्बम सायान्युरम. ही बंद खोलीला भोक पाडून आत अंडं घालते, मग तिची अळी कोषातल्या कुंभारणीच्या अळीवर पोसते. म्हणजे त्या खोलीत कोळी खाऊन जाडजूड झालेली अळी शेवटी हिच्याच पोटात गेली.

वही चाळली. 25 जुलै, दुपार, माझ्याच अक्षरात : "घरट्यावर हिरवी माशी बसली होती. हाकलली नाही, उगाच कशाला."