शहराला करपा पडला की नाही हे ठरवणारी माणसं

बाबांना माझं काम नेमकं काय ते अजून नीट कळलेलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. परवा फोनवर परत विचारलं तर म्हटलं बाबा, इथे फ्लोरिडात शहराच्या एखाद्या भागाला ब्लाइट लागलाय का ते बघायचं, गल्लोगल्ली फिरून घरांना मार्क द्यायचे आणि रिपोर्ट लिहायचा. ब्लाइट म्हणजे काय? म्हटलं करपा, टोमॅटोवर पडतो तो. दोन सेकंद शांतता आणि मग, "अगं मग फवारता काय?"

खूप हसले, पण शब्द खरंच शेतातनं आलाय. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नगररचनावाल्यांनी पिकाच्या रोगाचं नाव उचलून शहराला चिकटवलं आणि नावासोबत इलाजही आला, की रोगट रोप उपटून टाका नाहीतर शेजारचंही जाईल. १९४९ च्या हाउसिंग ॲक्टनंतर सरकारी पैशातून वस्त्याच्या वस्त्या सपाट झाल्या त्या याच समजुतीवर. वॉशिंग्टनच्या साउथवेस्ट भागातल्या एका पट्ट्यात ५,०१२ लोक राहायचे, त्यातले ९७.५ टक्के कृष्णवर्णीय. सर्व्हेत निघालं की ५७.८ टक्के घरांचा संडास बाहेर आणि ६४.३ टक्के घरं दुरुस्तीपलीकडची. त्या पट्ट्यात एक डिपार्टमेंट स्टोअर होतं, त्याच्या मालकाचं म्हणणं एवढंच की माझं दुकान तर चांगलं आहे ना, ते का पाडताय? १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की भाग पूर्ण भाग म्हणून बघायचा, एकेक इमारत तपासत बसायचं नाही. बर्मन विरुद्ध पार्कर. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात बॉसने मला हेच वाचायला दिलं होतं, आणि ते दुकान माझ्या डोक्यातनं काही जात नाही.

फ्लोरिडाचा कायदा १९६९ चा. शहराला एखाद्या भागासाठी कम्युनिटी रिडेव्हलपमेंट एजन्सी, म्हणजे सीआरए (त्या भागाचा पुनर्विकास बघणारी संस्था) काढायची असेल तर आधी 'फाइंडिंग ऑफ नेसेसिटी' लागतं, म्हणजे याची गरज आहे असा अधिकृत निष्कर्ष. त्या भागात बऱ्याच इमारती मोडकळीला आलेल्या किंवा येऊ घातलेल्या आहेत हे दाखवायचं आणि शिवाय कायद्यातल्या चौदा-पंधरा लक्षणांपैकी किमान दोन. दोन फक्त! यादी वाचण्यासारखी आहे. रस्त्यांची रचना सदोष, पार्किंग अपुरं, प्लॉटचे आकार वेडेवाकडे, रिकाम्या घरांचं प्रमाण बाकी शहरापेक्षा जास्त, गुन्हे जास्त, आगीचे आणि ॲम्ब्युलन्सचे कॉल जास्त. आणि एक म्हणजे विक्रीला अडथळा होईल इतके मालक किंवा टायटलचा, म्हणजे मालकीच्या कागदांचा, घोळ. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, मग आपला सातबारा बघून आख्ख्या गावालाच करपा जाहीर करतील की. इथेही तेच आहे, दक्षिणेत कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांमध्ये आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नसतं, घर सगळ्या वारसांच्या नावावर, बँक कर्ज देत नाही म्हणून छप्पर दुरुस्त होत नाही, आणि मग मी तिथे टॅबलेट घेऊन उगवते आणि छप्पर खराब अशी टिक करते.

प्रत्यक्ष काम असं की गाडीतनं हळूहळू जायचं, याला विंडशील्ड सर्व्हे म्हणतात, आणि दर पार्सलला एक ते चार मार्क. (प्लॉटला इथे पार्सल म्हणतात त्यामुळे पहिल्या महिन्यात मला सारखी भूक लागायची.) एक म्हणजे ठणठणीत, चार म्हणजे पडायला आलेलं. छप्पर, भिंती, खिडक्या, पोर्च, अंगण. रस्त्यावरून जे दिसतं तेवढंच, म्हणजे पुढे रंग मारलाय आणि आत बाथरूमची जमीन खचलीय असं घर एकवर बसतं, आणि चक्रीवादळानंतर विमा कंपनीच्या पैशाची वाट बघत निळी ताडपत्री टाकून बसलेलं घर तीनवर. मोठ्या प्रमाणावर हेच डेट्रॉइटने २०१३-१४ च्या हिवाळ्यात केलं, शहरातले पावणेचार लाखांच्या वर प्लॉट टॅबलेट घेऊन फिरणाऱ्या टीम्सनी बघितले, फोटो आणि माहिती जागेवरूनच पाठवायचे, त्याला नाव दिलं ब्लेक्स्टिंग, ब्लाइट अधिक टेक्स्टिंग. त्या कामाबद्दल मला आदर आहे, निदान त्यांनी सगळं शहर बघितलं.

कारण खरी गोम तिथे आहे. आमच्याकडे सर्व्हे सुरू व्हायच्या आधीच नकाशावर रेघ मारलेली असते. हायवेलगतची जुनी मोटेल्स आणि अर्धा रिकामा शॉपिंग प्लाझा, तिथे कोणीही डोळे मिटून ब्लाइट म्हणेल, पण त्याच रेघेच्या आत मागच्या दहा गल्ल्या पण घेतलेल्या, व्यवस्थित राहत्या घरांच्या, आणि वर काही मोकळे प्लॉट जिथे बिल्डर येणार हे सगळ्यांना माहितीये. का? तर पैशासाठी. सीआरए झाली की त्या वर्षीचं करपात्र मूल्य गोठवतात, समजा १० कोटी डॉलर. पुढे ते १६ कोटी झालं की वरच्या ६ कोटींवर शहर आणि काउंटीला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) जो प्रॉपर्टी टॅक्स मिळाला असता त्यातला ९५ टक्के सीआरएच्या फंडात (शाळांचा टॅक्स यात येत नाही, तो सुटतो). त्यामुळे जिथे भाव वाढणारच आहेत असा तुकडा आत असलेला बरा, आणि त्याला करप्याचं सर्टिफिकेट द्यायला शेजारच्या मोटेलांची सरासरी कामाला येते. काउंटीचे लोक मीटिंगमध्ये का चिडतात ते आता कळलं असेल.

अजून एक लक्षण म्हणजे ५ वर्षांत भागाचं असेस्ड मूल्य, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत, म्हणावं तसं न वाढणं. ऐकायला किती शास्त्रशुद्ध. पण फ्लोरिडात स्वतः राहत असलेल्या घराचं असेस्ड मूल्य वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्केच वाढू शकतं, राज्याच्या १९९२ च्या घटनादुरुस्तीने ती मर्यादा घातलीय. म्हणजे लोक तीस-तीस वर्षं घर न विकता एकाच गल्लीत राहिले तर कागदावर ती गल्ली मरगळलेली दिसते. घट्ट धरून राहिलेली वस्ती आणि कोमेजलेली वस्ती, एक्सेलमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात हो.

आणि ओहायोतल्या लेकवुडचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००३ मध्ये तिथल्या एका चांगल्या नांदत्या वस्तीला ब्लाइटेड ठरवलं, कारण काय तर घराला जोडून दोन गाड्यांचं गॅरेज नाही, सेंट्रल एसी नाही, दोन पूर्ण बाथरूम नाहीत. पुढच्या वर्षी मतदारांनी मतदान करून तो शिक्का रद्द केला.

सगळं खोटं असतं असं मात्र मी म्हणत नाही. सांडपाणी तुंबणाऱ्या गल्ल्या मी बघितल्यात, वीस वर्षं बंद पेट्रोल पंपाखालची जमीन तेलाने खराब झालेली बघितलीय, तिथे हा पैसा आला आणि ड्रेनेज झालं, दिवे लागले. फक्त तिथे मला लक्षणं शोधायला लागली नव्हती.

गेल्या वर्षी एका गल्लीत निळ्या ताडपत्रीच्या घरासमोर मी मार्क टाकत होते तेव्हा पोर्चवरनं एक बाई उठून आल्या, सत्तरीच्या, हातात झारी. पोर्चभर फर्नच्या कुंड्या, पायऱ्या नुकत्या रंगवलेल्या, फक्त छपराच्या कडेची फळी कुजून लोंबत होती. माझ्या घराबद्दल काय लिहितेस? मी पाठ केलेलं उत्तर दिलं, मॅम, २००६ पासून फ्लोरिडात ब्लाइट या कारणासाठी कोणाचं घर ताब्यात घेता येत नाही. खरं आहे ते. त्या म्हणाल्या माझी आई मायामीत ओव्हरटाउनला राहायची, तिलापण कोणीतरी नकाशा दाखवलेला. साठच्या दशकात ओव्हरटाउनच्या कृष्णवर्णीय वस्तीतनं आय-९५ हायवे काढला, मला माहीत होतं, मी काहीच बोलले नाही. मग विचारलं किती दिले? मी स्क्रीन दाखवली, तीन. त्यांनी ताडपत्रीकडे बघितलं आणि म्हणाल्या, छपराचे पैसे पुढच्या महिन्यात येणारेत.

आले पण. रिपोर्ट जायच्या आधी मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले, नवीन छप्पर, नवीन फळी, ताडपत्री घडी करून गॅरेजपाशी ठेवलेली. वरिष्ठांना विचारलं, ते म्हणाले बदल की. तीनचा एक केला. गल्लीची सरासरी दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्यात हलली, नकाशावरचा नारिंगी रंग तोच राहिला आणि ठराव पुढच्या मंगळवारी पास झाला.