सॅपर ते एम.डेस. : माझा अनुभव

जवान पेन्शनवर आला की गावात विचारणा सुरू होते, डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, लष्करी ठाण्यांची राखण करणारं दल) जाणार की बँकेत गार्ड? दोन्ही कामं इभ्रतीची आहेत, माझे कितीतरी सोबती तिथेच आहेत. मी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत, ड्राफ्ट्समन होतो. हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि पवईला आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, एम.डेस. (डिझाइनमधली मास्टर्स पदवी) करायला गेलो. ही वाट आपल्या लोकांना कुणी सांगतच नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कागदपत्रांचं. दहावी पास आणि पंधरा वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला पदवीधर धरतात, पण ते गट-क च्या सरकारी नोकऱ्यांपुरतं. एम.डेस.च्या प्रवेशाला ते चालत नाही. त्यासाठी सीड ही परीक्षा द्यावी लागते आणि तिला बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका लागते. मी नोकरीत असतानाच इग्नूतून बी.ए. केलं होतं. पोस्टिंग बदललं की परीक्षा केंद्र बदलून घ्यायचं, पुस्तकं ट्रंकेत तळाशी ठेवायची, असं रडतखडत पूर्ण झालं. त्या बी.ए.नेच दार उघडलं. जे अजून सेवेत आहेत त्यांनी हे आत्ताच करून घ्यावं.

सीडला वयाची अट नाही आणि कितीही वेळा बसता येतं. बारावीनंतरच्या यूसीडचं तसं नाही, तिथे वय आणि संधी दोन्ही मोजून दिलेल्या असतात. म्हणजे चाळिशीच्या आसपासच्या माणसाला पदवी असेल तर सीड, हे साधं गणित.

पेपर तीन तासांचा. पहिला तास संगणकावर, पुढचे दोन तास कागदावर हाताने. पहिल्या भागात पात्र ठरलात तरच दुसरा तपासतात, पण अंतिम गुणांत पंचाहत्तर टक्के वजन दुसऱ्याचं. म्हणून मी सगळा जोर चित्रावर दिला. शाळेत इंटरमिजिएटपर्यंत परीक्षा दिल्या होत्या, पलटणीत नकाशे आणि बोर्ड रंगवले होते. रेघ सरळ यायची, माणूस मात्र कागदावर लाकडासारखा उभा राहायचा. मग रोज सकाळी सातारा एसटी स्टँडवर जाऊन बसायला लागलो. फलाटावर वाट बघणारा माणूस कुठल्या पायावर भार देतो, पिशवी कुठल्या हातातून कुठल्या हातात घेतो, गाडी लागल्यावर आधी काय उचलतो. रेकीला, म्हणजे टेहळणीला, गेल्यावर आपण जसं बघतो तसंच बघायचं, फक्त वहीत माणसं उतरवायची. हळूहळू माणसं वाकायला लागली.

खरी अडचण पोर्टफोलिओची, म्हणजे मुलाखतीत दाखवायच्या आपल्या कामाच्या फायलीची होती. बाकीच्या मुलांकडे रंगीत फोटोंच्या फायली होत्या. माझ्याकडे कामाचा एकही फोटो नव्हता, कारण आमच्याकडे फोटो काढायची मुभाच नसते. तेव्हा आठवणीतून काढायचं ठरवलं, आणि तेही जगाला आधीच माहीत असलेल्या वस्तूंचं. वीस लिटरचा जेरीकॅन घेतला. त्याला एकाला एक लागून तीन मुठी का, तर भरलेला दोघांना मिळून नेता येतो आणि रिकामे दोन एका हातात येतात. दुसरा घेतला बेली ब्रिज, म्हणजे पॅनल नावाच्या सुट्या लोखंडी चौकटी जोडून उभा करायचा लष्करी पूल.

मुलाखतीत सगळी चर्चा बेलीवरच झाली. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तो आखला. एक पॅनल दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन अडीचशे किलोंच्या वर. आडव्या बारवर ते सहा जण उचलतात, क्रेन लागत नाही. पॅनलला पॅनल भिडवायचं, भोकं जुळली की पिन ठोकायची. अंधारात, बधिर बोटांनीही ती पिन चाचपून बसवता येते. भार वाढणार असेल तर तीच पॅनलं दुहेरी, तिहेरी लावायची.

"तुम्ही याला चांगलं डिझाइन म्हणता. कोणासाठी चांगलं?" एका सरांनी विचारलं.

"उचलणाऱ्यासाठी, सर. पुलावरून जाणाऱ्याचा विचार सगळेच करतात."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि सहा जण कुठे उभे राहतात ते काढायला सांगितलं. मी काढलं. प्रत्येकाचा हात, पाठ, पुढच्याचं पाऊल. स्टँडवरची सगळी मेहनत तिथे कामी आली.

वर्गात मुलं बावीस-तेवीसची. पहिल्या दिवशी "सर" म्हणायला लागली, मी म्हटलं दादा म्हणा. सॉफ्टवेअर त्यांनीच शिकवलं, रात्री उशिरापर्यंत बसून, जराही न कंटाळता. मी त्यांना लाकूड आणि पत्रा कापायला शिकवलं. पलटणीत ज्या मंगल फॉण्टमध्ये हिंदी पत्रं टाइप करायचो तो र. कृ. जोशींनी केलेला, आणि ते याच आयडीसीत शिकवायचे, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

घर पेन्शनवर चालतं. बायकोने गावाकडचं सगळं सांभाळलं म्हणून हे जमतंय. फीचा हिशेब तिच्याशी बसून आधीच केला होता, आणि तो केल्याशिवाय कुणी या वाटेला येऊ नये.

सध्या प्रोजेक्टला विषय घेतलाय पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या आजी मशीनवर पुन्हा पुन्हा अंगठा दाबतात आणि मशीन घेत नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय २०२१ पासून आहे, पण फोन कुठे धरायचा, कधी डोळे मिचकवायचे, हे त्यांना कुणी समजावून सांगत नाही. आमच्याच भागातल्या काही जवानांच्या विधवांबरोबर बसून मी मोठ्या चित्रांचा, मराठी सूचनांचा एक तक्ता करतोय. पहिल्या नमुन्यात एका आजींनी बाण उलटा वाचला आणि फोन पाठमोरा धरला. आता बाण काढून टाकलाय, तिथे फोन धरलेला हात काढलाय. नोव्हेंबरात दाखले भरायला सुरुवात होईल, त्याआधी तो पुन्हा त्यांच्यासमोर ठेवायचा आहे.