‘मदत हवी’ असं अर्जात लिहायचं की नाही?

बारावीनंतर अमेरिकेत पदवीला जायचं म्हणणाऱ्या मुलांचे आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात. अर्जात ‘आर्थिक मदत लागेल का?’ असा रकाना असतो, तिथे ‘हो’ लिहिलं तर मुलाला नाकारतील का? आधी प्रवेश पदरात पाडून घ्यावा, पैशांचं नंतर बोलावं, असं केलं तर?

तसं करू नका. अनेक खासगी विद्यापीठांचा नियमच आहे की परदेशी विद्यार्थ्याने अर्जाबरोबर मदत मागितली नाही, तर पुढे चारही वर्षं त्याला ती मागता येत नाही. शिवाय पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च कुठून येणार याचा पुरावा दिल्याशिवाय विद्यापीठ आय-२० हे व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र देत नाही, आणि आय-२० शिवाय व्हिसा नाही. नामांकित खासगी विद्यापीठांत हा खर्च राहण्याजेवणासकट वर्षाला ८०,००० ते ९५,००० डॉलरच्या घरात जातो. तो एप्रिलमध्ये समोर येतो तेव्हा मदत मागायची मुदत टळून गेलेली असते.

‘हो’ लिहिल्याने नुकसान होतं का, तर काही ठिकाणी अजिबात नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन ही ‘नीड-ब्लाइंड’ आहेत. परदेशी मुलांची निवड करतानाही ती घरच्या ऐपतीकडे बघत नाहीत, आणि घेतलेल्या मुलाची पूर्ण गरज भागवतात. बाकी बहुतेक ‘नीड-अवेअर’. तिथे मदतीची गरज निवडीत धरली जाते, तुमची बाजू थोडी कमजोर होते, हे खरं आहे. पण त्यांच्यातलीही बरीच विद्यापीठं, एकदा घेतलं की पूर्ण गरज भागवतात. तिसरा गट घेतो आणि अर्धीमुर्धी मदत देतो. या गटातच घरं फसतात.

पत्र येतं, ‘अभिनंदन, १,००,००० डॉलरची शिष्यवृत्ती’. घरात पेढे वाटले जातात. खालच्या ओळीत लिहिलेलं असतं की ही रक्कम चार वर्षांची आहे. म्हणजे वर्षाला २५,०००. खर्च ७५,००० असेल तर वर्षाला ५०,००० डॉलर तुम्ही भरायचे. त्यात शिष्यवृत्ती ठरलेल्या रकमेची असते आणि फी दरवर्षी वाढते.

म्हणून यादी रँकिंगवरून करू नका, मदतीच्या आकड्यांवरून करा. बरीच विद्यापीठं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज दरवर्षी जाहीर करतात. त्यात एच-६ हा भाग काढा. किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे तिथे असतं. बी-२ मध्ये एकूण परदेशी विद्यार्थी किती तेही मिळतं. ४०० पैकी ३० जणांना मदत आणि सरासरी १२,००० डॉलर, असं दिसलं तर पूर्ण मदत लागणाऱ्या मुलाने तिथली अर्जाची फी वाचवावी. ४०० पैकी २०० जणांना आणि सरासरी ६५,०००, असं दिसलं तर ते नाव यादीत ठेवा, मग ते कोणी ऐकलेलं नसलं तरी चालेल. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासारखी सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत देत नाहीत. त्यातली बर्कली, यूसीएलए ही नावं इथे कितीही मोठी असली तरी या कामाची नाहीत.

आता फॉर्मचं. फाफ्सा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या मदतीचा फॉर्म, त्याच्या वाटेला जाऊ नका, तो परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाही. तुम्हाला लागतो सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्नाची आणि मालमत्तेची माहिती विद्यापीठांना देणारा ऑनलाइन फॉर्म. तो १ ऑक्टोबरला उघडतो, पहिल्या विद्यापीठाला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६. परवडत नसेल तर त्या-त्या विद्यापीठाच्या आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करून फीमाफी किंवा पर्यायी फॉर्म मिळेल का ते विचारा. विचारण्यात कमीपणा काही नाही, ते कार्यालय त्यासाठीच आहे.

समजा आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वडिलांची शेती. आईचा फॉर्म १६ आणि आयटीआर सरळ आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून वडिलांनी आयटीआर कधी भरलेलाच नाही. मग तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा, त्याचं आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर फॉर्ममध्ये फक्त आपल्या हिश्श्याची किंमत लिहा. सबंध आठ एकरांची किंमत लिहिली की कागदावर तुम्ही बागायतदार होता आणि मदत घटते. चलन रुपये निवडलंय ना, हे दोनदा बघा. डॉलर निवडून ८,००,००० लिहिलं तर काय होईल ते सांगायला नको. उत्पन्न वर्षाचं विचारलंय तिथे महिन्याचा पगार भरणं, पीएफची रक्कम बँकेतल्या शिलकीत मिळवणं, या चुकाही नेहमीच्या. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, फॉर्म विचारतो जानेवारी ते डिसेंबर. कोणत्या वर्षाचे आकडे दिलेत ते ‘विशेष परिस्थिती’च्या रकान्यात एका वाक्यात लिहा. आजोबांच्या आजारपणाचा खर्च, दुष्काळाचं वर्ष, बुडालेलं पीक हेही तिथेच, रकमेसकट. आणि आकडा लपवू नका. आयटीआर, पगाराची स्लिप आणि बँकेचं पत्र एकमेकांशी जुळलं नाही तर पुन्हा कागद मागवतात, आणि त्यात आठवडे जातात.

अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच विद्यापीठाला इतरांच्या आधी केलेला अर्ज, बंधनकारक असतं: निवड झाली तर तिथेच जावं लागतं. मदत खरोखर अपुरी पडली तर त्यातून मोकळं करतात, पण तो निकाल डिसेंबरच्या मध्यावर येतो आणि बाकीच्या मुदती १ जानेवारीच्या आसपास असतात. उरलेले अर्ज आधीच तयार हवेत.

मदतीचं पत्र हातात आलं की त्यात आरोग्य विमा आणि विमानाचं तिकीट धरलंय का ते बघा. राहण्याजेवणासाठीच्या शिष्यवृत्तीवर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) असलेल्या विद्यार्थ्याला कर लागतो, आणि विद्यापीठं त्यातून सहसा १४ टक्के कापतात. २०,००० डॉलरवर २,८०० झाले. भारत-अमेरिका कर करारामुळे आपल्या मुलांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, त्यामुळे १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर हा तिथला आयकराचा फॉर्म भरला तर त्यातले बरेच परत येतात. पण ते पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी तेवढी रक्कम हाताशी ठेवा.