कुठलं मलकापूर?

नकाशावर गाव सापडलं नाही की मी निर्धास्त असते. खरी धास्ती सापडलेल्या गावाची.

आमचा माल म्हणजे ठिबकचे पाइप, फिटिंग, फिल्टर. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून गाडी भरली की ती जाते कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात, फार तर निपाणी-चिकोडीकडं. बुलढाण्यात आमचा एकही डीलर नाही. तरी यंदा विक्रीचा नकाशा उघडला, तर खानदेशाच्या हद्दीला लागून एक टपोरा निळा ठिपका. मलकापूर. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं ते मलकापूर, जिथं आमची एक तोटीसुद्धा गेलेली नाही. साहेब खूश. विदर्भात आपलं नाव झालं म्हणून.

कोल्हापूरचा माणूस मलकापूर म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं शाहूवाडी तालुक्यातलं, रत्नागिरी रस्त्यावर आंबा घाटाच्या अलीकडचं मलकापूर असतं. कराडवाल्याचं मलकापूर वेगळं, महामार्गावर, कराडला अगदी चिकटून. तिन्ही महाराष्ट्रातलीच. त्यामुळं 'शहराबरोबर राज्याचा कॉलम जोडा' हा जो सल्ला जो तो देतो, त्याचा इथं काडीचा उपयोग नाही. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, हमीरपूर हिमाचलात आणि उत्तर प्रदेशातही आहे, तिथं राज्य दिलं की भांडण मिटतं. आपल्याकडं जिल्हा लागतो, पुष्कळदा तालुकाही.

आता गंमत बघा. टॅब्लो म्हणजे विक्रीचे आकडे नकाशावर मांडणारं सॉफ्टवेअर; त्याच्या तयार यादीत जगभरातली १५,००० आणि त्याहून जास्त वस्तीची शहरं असतात. एकाच नावाची दोन सापडली तर तो 'अँबिग्युअस', म्हणजे नक्की कुठलं ते कळत नाही, असा शेरा मारतो आणि नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात किती ठिकाणं अनोळखी राहिली तो आकडा दाखवतो. त्यावर क्लिक करून 'एडिट लोकेशन्स'मध्ये राज्य, जिल्हा ठरवून देता येतं. हे झालं प्रामाणिक वागणं. पण आमच्यासारख्यांची निम्मी विक्री असल्या यादीत न बसणाऱ्या गावांत. यादीत नाव एकदाच असेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी गोंधळच नाही. ते बिनदिक्कत मोठं गाव उचलतं आणि कुठं लाल खूण नाही की काही नाही. शंका यायला दुसरं गाव आहे हे आधी ठाऊक असावं लागतं.

डिस्पॅचच्या काकांना विचारलं, चलनावर नुसतं मलकापूर का घालता? म्हणाले, "ताई, आंब्याच्या वाटंवरचं मलकापूर. गाडी आपली सारखी जातीया तिकडं. आणि कुठलं असतंय?" त्यांचं काही चुकत नाही. ड्रायव्हरला कळतं, हमालाला कळतं, पार्टीला कळतं.

म्हणून सफाई नकाशात न करता मूळ डेटात करायला घेतली. पहिला आधार जीएसटी नंबरचा. त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्य: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक. विजापूर आमची पोरं बिजापूर असंही टाइप करतात आणि त्या नावाचा एक जिल्हा छत्तीसगडमध्येही आहे. पण नंबर २९ नं सुरू होत असेल तर प्रश्न संपला, छत्तीसगडचा २२. शेतकऱ्याकडं मात्र जीएसटी नंबर नसतो, तिथं पिनकोड. बुलढाण्याच्या मलकापूरचा ४४३१०१, तो लगेच वेगळा पडतो. शाहूवाडी आणि कराड या दोन्हींकडचे पिन ४१५ नं सुरू होतात, तेव्हा पहिले तीन आकडे बघून मोकळं होता येत नाही, सगळे सहा लागतात.

एवढं करूनही जी गावं उरली त्यांची सरळ वेगळी शीट केली: गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश, रेखांश. चलनावरचं नाव या शीटला जोडायचं आणि नकाशाला फक्त अक्षांश-रेखांश द्यायचे. मग त्यानं नाव ओळखायचा प्रश्नच येत नाही. पॉवर बीआय हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी निदान 'मलकापूर, कोल्हापूर, महाराष्ट्र, भारत' असा एकच कॉलम बनवून त्याची डेटा कॅटेगरी 'प्लेस' ठेवावी. फरक पडतो. तरी माझं मत विचाराल तर शीटच बरी. बेळगावचं बेळगावी झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी आकडे तेच राहतात. जुनं नाव, नवं नाव, इंग्रजीतली चार स्पेलिंगं, सगळी एकाच ओळीला बांधता येतात. हातकणंगल्याची आमच्याकडं किती स्पेलिंगं निघाली ते सांगत नाही, हातकणंगलेकर रागावतील.

एक वेगळीच भानगड जिल्ह्याची. सातारा, सांगली, कोल्हापूर ही शहरंही आणि जिल्हेही. जिल्ह्याची बेरीज 'सिटी' म्हणून दिली की चंदगडपासून शाहूवाडीपर्यंतचा सगळा माल रंकाळ्याच्या आसपास एका गोळ्यात येऊन बसतो. आकडा बरोबर, चित्र खोटं. तिथं जिल्ह्याच्या हद्दी रंगवणारा नकाशाच घ्यावा.

सध्या ऑर्डरच्या फॉर्ममध्ये तालुका निवडल्याशिवाय गाव भरताच येत नाही असं करून घेतलंय. सेल्सची पोरं कुरकुर करतात, एक टॅप वाढला म्हणून. करू देत. जुन्या चलनांतली 'वडगाव' मात्र अजून पडून आहेत. पेठ वडगाव धरावं तर बहुतेक बरोबर निघेल, पण बहुतेक म्हणून ठिपका टाकायचा नाही असं ठरवलंय. डीलरला फोन लावून एकेक विचारते आहे.