बाबांना दाखवलेलं अल्मेरे

रविवार, रात्री उशिरा

कालवे, पवनचक्क्या, ट्युलिप सगळं उरकलं होतं, म्हणून आज बाबांना अल्मेरे या नव्याने वसवलेल्या शहरात नेलं. अ‍ॅमस्टरडॅमहून ट्रेनने अर्धा तासही लागत नाही. पूल ओलांडला की आपण झाउडरझे नावाच्या जुन्या समुद्राच्या तळावर. हा भाग १९६८ मध्ये पाणी उपसून कोरडा केला, १९७६ च्या अखेरीस पहिली कुटुंबं राहायला आली आणि आज वस्ती दोन लाखांच्या वर आहे. बाबांचा पहिला प्रश्न: "मग ट्रेन कधी आली?"

१९८७. म्हणजे अकरा वर्षं नुसत्या बस आणि गाड्यांवर. बाबांनी मान हलवली. आम्ही नेरूळला राहायला गेलो तेव्हा फोर्टातलं ऑफिस गाठायला त्यांना खाडीपुलावरून बसच होती. मानखुर्दहून वाशीला लोकल पोचली ती १९९२ मध्ये. मुंबईची गर्दी ओसरावी म्हणून सिडकोची नवी मुंबई, अ‍ॅमस्टरडॅमची ओसरावी म्हणून हे. वेगवेगळ्या नोडमध्ये, म्हणजे सुट्या वस्त्यांमध्ये, शहर पसरवायची कल्पनाही तीच. नवीन शहर म्हटलं की बाबा इमारतींकडे बघतच नाहीत.

मला मात्र इमारतीच दाखवायच्या होत्या. स्टेशनजवळ यूएनस्टुडिओ या आर्किटेक्ट कंपनीचं ला डिफेन्स हे ऑफिस-संकुल, बाहेरून चंदेरी आणि आतल्या चौकात शिरलं की चालता चालता रंग बदलणारं. पुढे रेम कूलहास या डच आर्किटेक्टच्या ऑफिसने आखलेलं शहराचं केंद्र. तिथे जमीनच वाकवून उचलली आहे, खाली बस आणि पार्किंग, वर दुकानं आणि माणसं. पोर्झांपार्क या फ्रेंच आर्किटेक्टच्या सिटाडेल इमारतीवर तर दुकानांच्या डोक्यावर गवताचं कुरण आणि त्याभोवती घरं. रविवारची गर्दी बऱ्यापैकी होती. तरी मला खरं सांगायचं तर केंद्र जरा प्रदर्शनासारखं वाटतं, प्रत्येक इमारत आपला नंबर लावून उभी. बाबा खालच्या मजल्यावरच रमले. इथल्या बसला स्वतःचा वेगळा रस्ता आहे, गाड्यांना त्यावर बंदी, आणि तो नंतर सुचलेला नाही, शहराबरोबरच आखलेला. एका बसथांब्यावर ते उगीचच दहा मिनिटं बसले.

जेवण झाल्यावर वेअरवाटर तळ्याकाठी चालत गेलो. शहराची जमीन भरायला वाळू काढली, तो खड्डा म्हणजे हे तळं. पलीकडे द फांतासी ही प्रायोगिक घरांची छोटी वस्ती. १९८२ मध्ये 'वेगळं राहणं' अशा विषयावर स्पर्धा लावली होती: जिंकणाऱ्याला प्लॉट, बांधकामाच्या नेहमीच्या नियमांतून सूट, आणि मुदत पाच वर्षं. यान बेंथेम या आर्किटेक्टने स्वतःसाठी काचेचं छोटं घर बांधलं. त्यात छत काचेच्या भिंतींनीच तोललं आहे आणि वाऱ्याने उडू नये म्हणून पोलादी तारांनी खाली बांधलंय. पुढे याच माणसाच्या ऑफिसने स्खिपोल विमानतळाचं बरंच काम केलं. पाच वर्षांसाठी बांधलेली ती घरं अजून उभी आहेत, कुणाच्या दाराशी सायकली, कुणाच्या खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. केंद्रातल्या सगळ्या नावाजलेल्या कामांपेक्षा मला हा तुकडा आवडतो, कारण इथे आर्किटेक्टने स्वतःच्या अंगावर प्रयोग केला. बाबा लांबूनच बघत होते, लोकांच्या काचेच्या घरात डोकावणं त्यांना पटेना. "पडदे लावले की संपलं की रे तुझं आर्किटेक्चर," एवढंच म्हणाले.

परतीच्या ट्रेनमध्ये त्यांना ओस्टरवोल्डबद्दल सांगितलं. अल्मेरेचाच पूर्वेकडचा भाग. एमव्हीआरडीव्ही या आर्किटेक्ट कंपनीच्या मूळ आराखड्यानुसार तिथे रहिवाशांनीच सगळं उभं करायचं, शेजाऱ्यांशी ठरवून रस्ताही आपणच करायचा, सांडपाण्याची सोयही आपणच बघायची, आणि प्लॉटच्या साधारण निम्म्या भागावर भाजीपाला, फळझाडं वगैरे लावायची.

बाबा बराच वेळ विचार करत होते.

"मग महापालिका टॅक्स कशाचा घेते?"