करवंदाचं सिरप, तेही आंबट करवंदांचं

एप्रिल संपत आला की कोल्हापुरात मंडईच्या तोंडाशी डोंगराकडच्या बायका पाटी घेऊन बसायला लागतात, कोण गगनबावड्याकडची, कोण राधानगरीकडची, आणि माझं त्यांच्याशी दरवर्षी उलटं भांडण होतं. मावशी म्हणते "घे की बाई, लै गोड हायती", आणि मला पाहिजे असतात आंबट. गोड करवंद उभ्या उभ्या खायला झकास, पण सिरप करायचं तर ते पुळचट होतं. साखर आपण घालणारच आहे की वरून, मग फळातच आंबटपणा नसला तर ग्लासात नुसतं लाल साखरपाणी उरतं.

मी काय करते, पाटीत हात घालून बहुतेक काळी घेते आणि मूठभर तांबूस, म्हणजे पिकायला आलेली. हिरवी अजिबात नाही. हिरव्यात चीक लै असतो, पातेल्याच्या कडेला असा चिकटतो की घासून निघत नाही, आधी तेलाचा बोळा फिरवावा लागतो मग साबण. आणि लहानपणी आपण करवंद फोडून कोंबडा का कोंबडी बघायचो ना, आत लाल निघालं की कोंबडा, पांढरं निघालं की कोंबडी, तर सिरपला कोंबडे जास्त लागतात कारण रंग आतूनपण येतो. आता किलोभर करवंदं कोण फोडत बसणार म्हणा, पण दोनचार फोडून बघितली की त्या पाटीचा अंदाज येतो. मावशी वैतागते ते वेगळं.

वळीव पडायच्या आधी घ्यायची हे मात्र आमच्या आत्तींनी (सासूबाईंनी) बजावून सांगितलंय. पाऊस खाल्लेलं करवंद पाणचट होतं आणि किडतंपण लगेच.

आता कृती. एक किलो करवंदं मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायची, मग दोनतीनदा धुवून देठं काढायची, स्टीलच्या पातेल्यात निम्मी बुडतील एवढंच पाणी घालून झाकण ठेवायचं आणि मंद गॅसवर फुटेपर्यंत शिजवायची. अॅल्युमिनियमचं पातेलं नको, आंबट रस त्याला लागतो आणि चव बिघडते. फुटली की पळीनं दाबायची. मिक्सर लावायचा नाही, बिया भरडल्या की सगळ्या रसाला तुरटपणा येतो आणि मग तो कितीपण साखरेनं जात नाही. नंतर पातळ सुती फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायचं, आणि इथं हात शिवशिवतात पण पिळायचं नाही. पिळलं की गर खाली उतरतो, रस गढूळ होतो, आणि खरी भानगड पुढंच आहे.

भानगड म्हणजे पेक्टिन, फळातला रस गोठवणारा पदार्थ. करवंदात ते भरपूर असतं, आंबटपणा असतोच, त्यात साखर गेली आणि उकळत राहिलं की झाली जेली. विकतच्या फ्रूट सिरपला अन्नाच्या नियमाप्रमाणे निदान 25 टक्के फळाचा रस आणि साखर वगैरे विरघळलेला ऐवज निदान 65 टक्के लागतो, तेवढ्या साखरेवर बाटली लवकर खराब होत नाही. पण नेमकं त्याच 65 टक्क्यांच्या आसपास जेलीपण धरते, म्हणजे टिकायला जेवढी साखर पाहिजे तेवढ्यात करवंद गोठायला बसलेलंच. म्हणून मी घरी टिकण्याचा नादच सोडलाय. गाळलेला रस वजनाला जेवढा, तेवढीच साखर, मंद गॅसवर विरघळली, कडेला पहिली उकळी दिसली की गॅस बंद. गरम असतानाच उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरायचं आणि गार झालं की फ्रीजमध्ये. महिनाभर आरामात जातं, आमच्याकडं तेवढं उरतच नाही.

कुणीतरी विचारणारच, कोल्हापुरात राहून गूळ का नाही. घालून बघा की. पण गुळाची चव दांडगी, करवंद मागं पडतं, आणि तो माणकासारखा रंग जाऊन तपकिरी काहीतरी होतं. गूळ चटणीला ठेवा.

आणि टिकवायची पावडर घालायचीच असेल तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नको, लिंबाच्या सरबताला चालतं म्हणून लोक इथंपण घालतात, पण त्यानं लाल-जांभळा रंग उडतो. रंगीत रसाला सोडियम बेंझोएट वापरतात, तेपण पाकिटावर लिहिलंय तेवढंच. या रंगाची गंमत म्हणजे आंबटात लाल राहतो आणि साबणाच्या पाण्यात निळसर होतो, ओटा पुसताना बघा, पोरांना लै मजा वाटते.

प्यायला एक भाग सिरप, चार भाग गार पाणी, चिमूटभर काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. पाण्याऐवजी सोडा घातला तर त्याहून भारी. किसलेल्या बर्फावर ओतलं तर गोळेवाल्याचा काला खट्टा विसराल. दुधात मात्र घालू नका, फाटतं.

फडक्यात उरलेला चोथा टाकायचा नाही. बिया काढून त्यात लाल तिखट, मीठ, लसूण आणि तो मगाचा गूळ घालून परतायचा, भाकरीबरोबर. आमच्यात दोन माणसं अशी आहेत की त्यांना सिरपशी काही देणंघेणं नाही, ती या चटणीसाठीच करवंदं आणायला लावतात.