चढलात ना, ताई?

रविवारी गंगापूर धरणाकडून परतताना मिसळीच्या टेबलावर कोणीतरी विचारतंच, "ताई, मायोर्काला तो सा कालोब्रा घाट चढलात ना?" मी "हो" म्हणते आणि तर्रीचं भांडं पुढे सरकवते. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "सायकल चालवायला एवढे पैसे घालून स्पेनला? आपला कसारा काय वाईट होता?" नवरा बरोबर होता का, हे फक्त नातेवाईक विचारतात. नव्हता.

पैसे माझे होते, बँकेतल्या नोकरीचे. विषय संपला. कसाऱ्यात ट्रक अंगावर येतात आणि कोणी माजी व्यावसायिक रेसर माझ्यापुढे राहून वारा अडवत नाही, हे उत्तर आता मला पाठ झालंय. खरं कारण याहून बालिश आहे. आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली आणि निम्मं नाशिक सायकलवर बसलं, त्यात मी. पंढरपूरची सायकलवारी झाली. टीव्हीवर टूर द फ्रान्स बघताना वाटायचं, ही माणसं जवळून कशी दिसत असतील? प्रो रेसरबरोबर आठवडाभर सायकलिंग, अशी जाहिरात दिसली. गेले.

जवळून ती हळू दिसतात. आपल्यासाठी हळू चालवतात ना!

आमचा गाईड युरोपात दहा वर्षं रेस केलेला, एकही मोठी शर्यत न जिंकलेला. दोमेस्तिक. फ्रेंचमध्ये अर्थ नोकर, आपण गडी म्हणू. टीमच्या गाडीपर्यंत मागे जायचं, जर्सीत बाटल्या कोंबून आणायच्या, लीडरपुढे वारा खायचा, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. तो हे मजेत सांगायचा, राग मला यायचा. (घरी पंचवीस वर्षं मीही बाटल्याच भरल्या. जर्सी कोणी दिली नाही.) पण माणसाचं लक्ष कसलं! पहिल्याच संध्याकाळी त्यानं विचारलं, तुझा पुढचा ब्रेक कुठल्या हाताला? तिकडे तो डाव्या लिव्हरला असतो, माझ्या सायकलला उजव्या. त्यानं भाड्याच्या सायकलचे ब्रेक लगेच अदलाबदल करून घेतले. नाहीतर उतारावर काय झालं असतं, कोण जाणे.

आता सा कालोब्रा. त्याची खोड अशी की तो आधी उतरावा लागतो. १९३२ सालचा रस्ता, खाली बंदराशी संपतो. सव्वीस वळणं. वरच्या बाजूचं एक तर टायच्या गाठीसारखं स्वतःच्याच खालून जातं. परत यायला दुसरी वाट नाही. साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के चढ, समुद्रापासून ६८२ मीटरपर्यंत. उतरताना प्रत्येक वळण माझ्या नावावर उधार पडत होतं.

पाच किलोमीटर ठीक गेले. सहाव्याला पाय संपले. बाटली रिकामी, ग्रुप दिसेनासा, मागे दमलेल्यांना उचलणाऱ्या व्हॅनचा आवाज. गाईड वरून उतरून आला, माझ्याशेजारी वळला, काही बोलला नाही. आणि पाठीवर, कमरेच्या जरा वर, पंजा टेकला. सायकल आपली आपण चालल्यासारखी झाली.

"नको," मी म्हणाले. मराठीत.

यावरच मी अजून स्वतःशी भांडते. मला "नो" म्हणता येत नव्हतं? बँकेत साहेबांना आयुष्यभर म्हटलं. त्याला कळू नये म्हणूनच मी मराठीत बोलले, असं हल्ली वाटतं. कधी वाटतं, दमलेल्या माणसाच्या तोंडून आपलीच भाषा निघणार, त्यात काय एवढं. साधारण दोन किलोमीटर तो एका हातानं हँडल धरून मला ढकलत होता आणि त्याचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. मी पायडल मारत होते, पण ते मारल्यासारखं करणं होतं.

गाठीच्या वळणाआधी त्यानं हात काढला. वर ग्रुप उभा होता. तो मुद्दाम मागे राहिला आणि मला पुढे जाऊ दिलं, लीडरला देतात तसं. टाळ्या, फोटो. मी रडले, सगळ्यांना तो आनंद वाटला. ढकलण्यापेक्षा ते मागे राहणंच मला जास्त लागलं. त्याच फोटोला मी रात्री "पूर्ण!" लिहून ग्रुपवर टाकलं.

शर्यतीत असं ढकललं तर दंड होतो. पण ती शर्यत थोडीच होती, आणि मी पैसे त्यासाठीच भरले होते, असंही म्हणता येतं. पाच मिनिटं दगडावर बसले असते तर चढले असते, असंही. किंवा व्हॅनमध्ये बसले असते. स्ट्राव्हावर, म्हणजे सायकलिंगच्या अॅपवर, वेळ दिसते, हात दिसत नाही.

गेल्या महिन्यात नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडावर चढताना ग्रुपमधली एक नवी मुलगी माझ्यापुढेच डगमगायला लागली. मला कळायच्या आत माझा हात तिच्या पाठीवर गेला.

"काकू, हात काढा."

काढला. दोन वळणांनंतर ती उतरली आणि सायकल हातात धरून चालत वर आली. तिच्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी तिची बाटली भरून आणली.